पट्ट कादंब

ॲनॅटिडी कुलातील स्थलांतरी रानहंस. शास्त्रीय नाव ॲन्सर इंडिकस. मराठीत यास राजहंस असेही म्हणतात. हिवाळ्यात महाराष्ट्राच्या जलाशयांवर नियमाने येणारा हंस हाच.

वर्णन : लांबी सु. ७१–७६ सेंमी., वजन सु. २–३ किग्रॅ. अंग फिकट राखाडी, डोके पांढरे. डोक्यामागे दोन काळे आडवे पट्टे असून वरचा एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत जातो, खालचा आखूड असतो. मान मागे काळपट, बाजूस पांढरी रेघ. चोच पिवळी-नारिंगी व टोकाशी काळी, पाय नारिंगी. नर-मादी सारखेच दिसतात. पहिल्या वर्षाच्या पिलांच्या डोक्यावर पट्टे नसतात. माथ्यापासून मानेमागे सलग गडद छटा असते. थव्यात अशी पिले हमखास असल्याने केवळ पट्ट्यांवर विसंबू नये. पाय, चोच व सोबतचे पक्षीही पाहावेत.

साधर्म्य असलेले पक्षी : कलहंस (ॲन्सर ॲन्सर) आकाराने मोठा व दणकट, चोच व पाय गुलाबी, डोके पट्ट्यांविना राखाडी-तपकिरी. तो उत्तर भारतात बराच, महाराष्ट्रात क्वचित आढळतो. पांढऱ्या कपाळाच्या कादंबाच्या चोचीभोवती पांढरा डाग व पोटावर काळे आडवे पट्टे असतात, तोही दुर्मीळ. दूरवर बसलेला चक्रवाक नारिंगी-तपकिरी रंगावरून वेगळा काढता येतो. उडताना पट्ट कादंबाचे पंख पुढून फिकट राखाडी व मागच्या कडेस काळे, तर नकटा या बदकाचे पंख पूर्ण काळपट दिसतात. थवा बहुधा रांगेत किंवा बाणाच्या आकारात, नाकातून काढल्यासारखे ‘आँग-आँग’ ओरडत जातो.

आढळ व सवयी : मंगोलिया, तिबेट, किर्गिझस्तान आणि लडाखमधील त्सो मोरिरी, त्सो कर या सरोवरांच्या परिसरात वीण होते. हिवाळ्यात हिमाचलातील पोंग धरण, कर्नाटकातील मागडी तलाव, महाराष्ट्रात भिगवणजवळचे उजनी पाणलोट, जायकवाडी व नांदूर मधमेश्वर येथे थवे उतरतात. दिवसा ते काठावर किंवा बेटावर विसावतात. संध्याकाळी व रात्री गवत, कोवळी पिके आणि सांडलेले धान्य खातात. म्हणून पहाटे शेतांतून परतणारे थवे पाहणे सोयीचे.

उच्च उड्डाण : हिमालय ओलांडताना ७,२९० मी. उंचीची नोंद उपग्रह-यंत्राने झाली आहे. एरवी ते शक्यतो खिंडींतून, जमिनीचे चढउतार धरून जातात. रक्तातील हीमोग्लोबिन विरळ हवेतूनही ऑक्सिजन चांगला धरते. मोठी फुप्फुसे आणि उड्डाणस्नायूंतील केशवाहिन्यांचे दाट जाळे यांचीही मदत होते.

नोंदी : मंगोलियात गळ्यात सांकेतिक पट्टी घातलेले पक्षी भारतात दिसले आहेत. अशा पट्टीचा रंग, त्यावरील अक्षरे व अंक, ठिकाण आणि तारीख टिपल्यास स्थलांतराचा मार्ग कळतो. २००५ मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर बर्ड फ्ल्यूने यांच्यासह हजारो पक्षी दगावले. त्यानंतर अशा नोंदींचा उपयोग रोगप्रसाराच्या अभ्यासातही होऊ लागला.