‘स्व’ आणि ‘तंत्र’: औंधचा प्रयोग आणि आजची सॉफ्टवेअर टीम

आज आपण औंध संस्थानाबद्दल बोलणार आहोत, आणि सोबतीला सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या ‘अजाईल’ पद्धतीबद्दल. जोडी विचित्र वाटेल. पण साताऱ्या-सांगलीची कितीतरी मुलं-मुली आज पुण्यात याच पद्धतीनं काम करतात. ज्या प्रश्नाशी ती रोज झगडतात, तो याच भागातल्या गावांपुढे १९३९ साली आला होता. प्रश्न साधा आहे: जो काम करतो, त्यानं त्या कामाचे निर्णय घ्यायचे की नाही?

आधी अजाईल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथं १७ सॉफ्टवेअर तज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक छोटासा जाहीरनामा लिहिला. तोवरची सर्वसाधारण रीत अशी, की सगळी योजना आधी कागदावर आखायची, मग वर्ष-दोन वर्षं काम करत बसायचं, आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणणार, ‘हे मला नको होतं!’ या मंडळींचं म्हणणं असं की काम लहान तुकड्यांत करा, प्रत्येक तुकडा दाखवा, ऐकून घ्या, मग पुढचं ठरवा. अशा साधारण दोन आठवड्यांच्या फेरीला ‘स्प्रिंट’ म्हणतात. रोज पंधरा मिनिटांची उभ्या-उभ्या बैठक, फेरी संपली की आढावा. आणि मुख्य म्हणजे काम कसं करायचं हे टीमनंच ठरवायचं. ती सवय लावणारा माणूस म्हणजे ‘अजाईल कोच’. आपल्याकडचा शब्द वापरायचा तर वस्ताद. वस्ताद डाव शिकवतो, चुका दाखवतो. पण कुस्ती पैलवानालाच खेळावी लागते.

यातला पहिला भाग, म्हणजे थोडं करा आणि वापरणाऱ्याचं ऐका, हा आपल्याकडे नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणत, लोखंडानं जमीन नासते. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. वापरणाऱ्यांचं ऐकत ऐकत नांगर सुधारला, तेव्हा कुठं तो चालला. पुढे १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी जागा दिली आणि कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी आणि आटपाडी सांगलीत. तेव्हा ही सगळी ७२ गावांच्या एकाच संस्थानात होती.

दुसरा भाग अवघड. निर्णय कोणाचा? इथं औंध कामाला येतं. नोव्हेंबर १९३८ मध्ये राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी जाहीर केलं की कारभार प्रजेच्या हाती सोपवणार. गांधीजींचा सल्ला घेतला गेला. कामात पुढे होते राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन. फ्रीडमन मूळचे पोलंडचे, पेशानं इंजिनिअर. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यातून इकडे आले. निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं पुढे इंग्रजीत आणली ती यांनीच. १९३९ मध्ये घटना लागू झाली. गावानं पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची समिती, आणि तिथून संस्थानचं विधिमंडळ.

यातला क्रम बघा. राजानं आधी अधिकार सोडतो असं जाहीर केलं, ते घटनेत लिहून दिलं, आणि मग गावांना कारभाराची सवय लावायचं काम सुरू झालं. फ्रीडमन राजे नव्हते, दिवाणही नव्हते. म्हणजे भूमिका वस्तादाचीच.

त्याच सुमारास आटपाडीजवळ कैद्यांची एक खुली वसाहत झाली. तुरुंगाची भिंत नाही. शेती करून राहायचं. शांतारामबापूंच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मागची प्रेरणा हीच. वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. आम्ही तत्त्वज्ञानवाले शब्दाशी जरा थांबतो. तंत्र म्हणजे कामाची रीत, व्यवस्था. ती शिकवता येते, तिचे वर्ग भरतात, प्रमाणपत्रं मिळतात. ‘स्व’चं तसं नाही. तो कुणाला देता येत नाही. फार तर त्याच्या वाटेतून बाजूला होता येतं.

आज अडचण नेमकी इथं आहे. तंत्र आलं, ‘स्व’ राहिला बाहेर. सकाळची बैठक म्हणजे हजेरी. ‘काम तुम्हीच ठरवा’ म्हणायचं, पण तारीख गिऱ्हाइकाला आधीच कबूल केलेली. आढाव्यात ‘मोकळं बोला’ म्हणायचं, आणि समोर बसलेला साहेबच वर्षाअखेर पगारवाढ ठरवणार. मग कोण बोलेल? अशा ठिकाणी कोच कितीही चांगला असला तरी त्याचा मुकादम होतो.

कुणी म्हणेल, कंपनी म्हणजे पंचायत नव्हे. भांडवल मालकाचं, जोखीमही त्याचीच. आक्षेप रास्त आहे. पण औंधलाही सगळं मोकळं कुठं होतं? वर ब्रिटिश सार्वभौम सत्ता होतीच. तरीही आपल्या हातातलं काय सोडणार, हे राजानं लिहून दिलं. कंपनीनंही सगळं सोडू नये. कोणते निर्णय टीमचे आणि कोणते नाहीत, एवढं स्पष्ट लिहावं. हद्द लहान असली तरी चालते. ती रोज हलता कामा नये.

आता या इतिहासाची कडू बाजू. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि औंधची घटना संपली. वरची व्यवस्था बदलली, तशी खालची रचनाही गेली. कंपनीत मॅनेजर बदलला की हेच होतं. म्हणून कोचच्या कामाची कसोटी तो असताना लागत नाही, तो गेल्यावर लागते. सहा महिन्यांनी टीम आपणहून आढावा घेते का? वरून आलेल्या तारखेला ‘हे जमणार नाही’ असं कारणासह सांगते का? सांगत असेल, तर काहीतरी रुजलं म्हणायचं.

इथं थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.