गायरानावरचा खेळ

गोल्फ म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? उंच कुंपण, फाटकावर पहारेकरी, गालिच्यासारखी हिरवळ आणि डोळे पांढरे करणारी फी. थोडक्यात, बड्या लोकांचा खेळ. गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये या खेळाचा सर्वात जुना लेखी उल्लेख सापडतो तो बंदीहुकुमात!

१४५७ साली, दुसऱ्या जेम्स राजाच्या काळात, तिथल्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फवर बंदी घातली. लोकांनी खेळ सोडून धनुर्विद्येचा सराव करावा, हा हेतू. शेजारी इंग्लंडसारखा वैरी होता ना! १४७१ आणि १४९१ मध्ये बंदी पुन्हा जाहीर करावी लागली. म्हणजे लोक काही ऐकत नव्हते. पुढे १५०२ साली इंग्लंडशी तह झाला आणि त्याच वर्षी चौथ्या जेम्सने, म्हणजे १४९१ ची बंदी ज्याच्या राज्यात आली त्यानेच, पर्थ गावच्या एका धनुष्य बनवणाऱ्याकडून गोल्फच्या काठ्या घेतल्या. खजिन्याच्या हिशेबात तशी नोंद आहे!

काठीने चेंडू टोलवायचे खेळ नेदरलँड्समध्येही होते. कोण आधी हा वाद चालूच असतो. पण स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर हा खेळ रुजला तो तिथल्या जमिनीमुळे. समुद्र आणि शेतं यांच्या मधला रेताड, उंचसखल पट्टा, म्हणजे ‘लिंक्स’. तिथे नांगर चालत नाही. मेंढ्या चरतात, ससे बिळं करतात, गवत आपोआप आखूड राहतं. आपल्या भाषेत सांगायचं तर गावाचं गायरानच.

आणि गायरान म्हटलं की हक्काचा प्रश्न आलाच. सेंट अँड्र्यूजच्या आर्चबिशप जॉन हॅमिल्टनला लिंक्सवर ससे पाळायचे होते. १५५२ च्या सनदेत त्याला ती मुभा मिळाली, पण गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळण्याचा हक्क मान्य करूनच. पुढे १७९७ मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने ही जमीन हातची घालवली. ससे पाळणारे व्यापारी आले, मैदानभर बिळं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. १८२१ साली जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने जमीन विकत घेतली तेव्हा कुठे ससे हटले. १८९४ मध्ये ती पुन्हा नगराची झाली. आजही तिथलं ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे. रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि लोक तिथे खुशाल फिरायला जातात.

मग आपल्या डोक्यातलं ते कुंपण कुठून आलं? १८२९ साली कलकत्त्यात गोल्फ क्लब निघाला. ब्रिटनबाहेरचा हा सर्वात जुना. खेळ बोटीने आला, गायरान मात्र तिकडेच राहिलं. इथे तो साहेबांच्या क्लबातच वाढला.

गोल्फचे पहिले लेखी नियम १७४४ साली एडिनबरोजवळ लीथला झाले, एकूण तेरा. इतिहासात त्यांचा मान मोठा. मला मात्र १५५२ ची सनद जास्त मोलाची वाटते. गायरान म्हणजे नुसती रिकामी पडलेली जागा, असं म्हणणारे आपल्याकडे कमी नाहीत. तिथे कुणी पेरत नसेल, पण गुरं चरतात, पोरं खेळतात. आणि हा हक्क कागदावर असला की किती टिकतो, ते त्या सशांच्या गोष्टीत दिसतं.