मिलिंग यंत्रातील ड्रॉबार : आवळणीचा इतिहास आणि कारागिराचे ज्ञान

प्रस्तावना : यंत्रयुगाच्या इतिहासलेखनात संशोधक, पेटंट व कारखाने यांना जेवढे स्थान लाभले, तेवढे यंत्र हाताळणाऱ्या कारागिराच्या ज्ञानाला लाभले नाही. मिलिंग यंत्राच्या पोकळ स्पिंडलमधून जाणारा व हत्याराला वर खेचून धरणारा ड्रॉबार हा लांब बोल्ट या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो.

टेपरचा विकास : अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन अँड शार्प कंपनीचे युनिव्हर्सल मिलिंग यंत्र १८६२ मध्ये बाजारात आले. त्याच दशकात स्टीफन मोर्स यांचा टेपर पुढे आला. सुमारे तीन अंशांचा हा शंकू घर्षणाने स्वतःच घट्ट बसतो. ड्रिलिंगमध्ये दाब अक्षाच्या दिशेने असल्याने तेवढे पुरेसे होते. मिलिंगमध्ये मात्र भार आडवा व खंडित असतो. कंपनाने शंकू सुटू नये, यासाठी ड्रॉबार आवश्यक ठरला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आलेला ७:२४ प्रमाणाचा टेपर स्वतः घट्ट बसत नाही. त्यात धारण ड्रॉबारकडे व फिरते बल चाव्यांकडे सोपविले गेले.

ब्रिजपोर्टचे उदाहरण : कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे रुडॉल्फ बॅनो व मॅग्नस वालस्ट्रॉम यांनी १९३८ मध्ये आपले प्रसिद्ध उभे मिलिंग यंत्र सिद्ध केले. या यंत्रमालेत पुढे रूढ झालेल्या आर-८ कोलेटमध्ये ड्रॉबार आवळताच कोलेट वर खेचला जातो व हत्याराची दांडीही आवळली जाते. येथे पकड मुख्यतः घर्षणावर, म्हणजेच आवळणीवर, अवलंबून असते. आवळणी कमी पडल्यास हत्यार सरकून काम वाया जाते. अतिरेक झाल्यास आटे झिजतात व कोलेट अडकतो. सोडवितानाही ड्रॉबार एक-दोन फेरेच सैल करून मऊ धातूच्या हातोडीने हलका ठोका देतात. तो जवळजवळ पूर्ण सोडून ठोकल्यास आघात उरलेल्या मोजक्या आट्यांवर येतो.

निष्कर्ष : प्रमाणीकरणाने शंकूचा कोन व आट्यांचे माप निश्चित केले, पाना किती ओढावा, हे मात्र दीर्घकाळ कारागिराच्या मनगटावर राहिले. संगणकनियंत्रित यंत्रांत स्प्रिंगच्या बलाने खेचणारे ड्रॉबार आल्यावर हा निर्णय यंत्राकडे गेला. संग्रहालयात जुने यंत्र जतन होते, परंतु त्या मनगटाचा अंदाज जतन होत नाही. म्हणूनच निवृत्त कारागिरांच्या मौखिक साक्षींची नोंद हे तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे तातडीचे कार्य ठरते.