बगदादला उतरायचे कुठे?

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातील आपल्या वस्त्यांत ग्यारहवी शरीफची नियाज घरोघरी होते. ज्यांच्या नावाने ती होते त्या गौसे आजम हजरत अब्दुल कादिर जिलानी (रह.) यांच्या दर्ग्यावर आयुष्यात एकदा तरी हजेरी लावावी, ही हौस अनेकांच्या मनात असते. हज आणि उमरा झाला की पुढचे नाव निघते ते बगदाद शरीफचे. मग बैठकीत हिशेब सुरू होतो. विमानाचे भाडे ठरलेले, व्हिसाचे पैसे ठरलेले. हात आखडायला जागा उरते ती एकाच ठिकाणी, राहण्याच्या खर्चात. उतरायचे कुठे आणि दिवसाला किती द्यायचे?

हा प्रश्न हजार वर्षांचा जुना आहे. गंमत अशी की आपल्या किनाऱ्यापुरता तो पहिल्यांदा नोंदला गेला तो उलट्या दिशेने. बगदादचाच रहिवासी असलेला इतिहासकार अल मसूदी हिजरी 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916-17 च्या सुमारास, सैमूर या बंदरात होता. सैमूर म्हणजे आपल्या अलिबाग तालुक्यातले चौल. तेथे शिलाहार झंझाचा अंमल होता आणि त्याच्यावर राष्ट्रकूट सम्राट, ज्याला अरब 'बल्हारा' म्हणत. मसूदी लिहितो की या गावी सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. त्यांत इथेच जन्मलेले, ज्यांना 'बयासिरा' म्हणत, ते आहेत. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे आणि बगदादचे लोकही आहेत. त्यांच्या आपसातल्या तंट्यांचा निवाडा करायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. त्याच्या पदाला 'हुनरमन' म्हणत.

चौलमध्ये ते व्यापारी राहत कुठे, याचे वर्णन मसूदीने दिलेले नाही. पण अरबी समुद्राचे वारे कोणाच्या सोयीने वाहत नाहीत. नैऋत्येच्या वाऱ्यावर आलेला माणूस ईशान्येचा वारा सुटेपर्यंत महिनोन्‌महिने अडकून पडे. इतका काळ राहायचे तर बिछाना, चूल, माल ठेवायला कुलूपबंद जागा आणि जुम्म्याची नमाज, एवढे लागतेच. आपल्या कित्येक कोकणी घराण्यांत सांगतात की पूर्वज हज्जाज बिन युसूफच्या जुलमाला कंटाळून बसरा-कूफ्याकडून जहाजाने आले. या कथेला कागदोपत्री आधार कमी आहे, आणि प्रत्येक घराण्याने ती स्वतःच्या शजऱ्याला चिकटवावी हेही मला पटत नाही. मसूदीची नोंद मात्र पक्की आहे. बसरा आणि बगदादचा माणूस चौलच्या गल्लीत राहत होता, एवढे त्यावरून निर्विवाद म्हणता येते. आपण शाफई मजहबाचे का, याचे उत्तरही याच सागरी वाटेवर शोधावे लागते.

आता बगदादकडे वळू. खलिफा मन्सूरने हे शहर 762 मध्ये दजला नदीच्या काठी वसवले. भोवती रखरखीत सपाट मुलूख, मधून नदी. नदीच्या पश्चिमेला कर्ख, पूर्वेला रुसाफा. मधे होड्या जोडून केलेले पूल. उन्हाळा असा की दिवसा लोक घराखालच्या तळघरात, ज्याला 'सरदाब' म्हणतात, तेथे बसत आणि रात्री गच्चीवर झोपत. परक्या माणसाला ना सरदाब, ना गच्ची. म्हणून त्या शहरात मुसाफिराची सोय ही चैन नव्हती, जिवाची गरज होती. ती तीन तऱ्हांनी भागवली जाई. व्यापाऱ्याने भाड्याच्या 'खान'मध्ये उतरायचे, तालिब-ए-इल्मने मदरशात आणि फकिराने रिबातमध्ये.

खान म्हणजे मधे चौक आणि भोवती खोल्या, खाली माल आणि वर माणसे. बगदादमध्ये असा एक खान अजून उभा आहे, खान मिरजान. जलायरी राजवटीत अमीनुद्दीन मिरजान याने तो 1359 मध्ये बांधला. दोन मजल्यांवर चाळीसहून अधिक खोल्या आणि मधल्या दिवाणखान्यावर उंच कमानींचे छत. सामान्यतः खानचा चौक उघडा असतो, हा पूर्ण झाकलेला आहे. खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट त्याच्या हिशेबात आहे. मिरजानने जवळच एक मदरसाही बांधला होता आणि खानचे भाडे त्या मदरशाला वक्फ केले होते. म्हणजे ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने खोलीचे भाडे द्यायचे आणि त्या भाड्यावर ज्याच्या गाठीला नाही त्याने शिकायचे, जेवायचे, झोपायचे. स्वस्त मुक्कामाची व्यवस्था कोणाच्या दयेवर न ठेवता मिळकतीवर बसवणे, ही वक्फची करामत आहे.

मदरशांचीही तीच गोष्ट. निजामुल्मुल्कने 1067 मध्ये उघडलेला निजामिया मदरसा खास शाफईंसाठी होता; इमाम गजाली (रह.) यांनी तेथे 1091 ते 1095 अशी चार वर्षे शिकवले. हिजरी 488 मध्ये, म्हणजे 1095 साली, त्यांनी बगदाद सोडले. त्याच वर्षी जिलानहून एक अठरा वर्षांचा तरुण बगदादला आला. त्याची गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. आईने सदऱ्याच्या आत चाळीस दिनार शिवून दिले होते, वाटेत दरोडेखोरांनी विचारले आणि त्याने खरे सांगून टाकले. आपण ही गोष्ट सत्यवचनाची म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात प्रवासाचा हिशेबही आहे. वडील हयात नाहीत, विधवा आई वारशातला वाटा मोजून देते आणि मुलगा तेवढ्यावर परक्या शहरात शिकायला निघतो. बगदादचे सुरुवातीचे दिवस त्यांनी उपासमारीत काढले असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे बाबुल अजज मोहल्ल्यातला मदरसा त्यांच्याकडे आला, शेजारी रिबात झाला आणि दूरदूरचे शागिर्द तेथे राहू लागले. 1166 मध्ये तेथेच त्यांचे दफन झाले. तो मोहल्ला आज बाबुश्शेख म्हणून ओळखला जातो आणि दर्ग्यातला लंगर अजून चालतो.

मुस्तनसिरिया मदरसा त्यानंतरचा, 1234 सालचा. दजलेच्या अगदी काठाला त्याची इमारत अजून आहे. चारही मजहबांचे विद्यार्थी एका छताखाली, प्रत्येकाचे साठाहून अधिक. त्यांना राहायला खोली, खायला रोटी-गोश्त आणि महिन्याला एक दिनार मिळे.

ज्याला यांपैकी काहीच लागू पडत नसे अशा पाहुण्याचे काय होई? स्पेनचा इब्न जुबैर 1184 मध्ये हजवरून परतताना बगदादला आला आणि कर्खच्या बाजूला नदीकाठी पुलाजवळच्या मोहल्ल्यात उतरला. शहराचे मदरसे त्याला फार आवडले, माणसे मुळीच नाहीत. इथले लोक परक्याला तुच्छ लेखतात, वजनात मारतात, असे त्याने कडवटपणे लिहून ठेवले आहे. तीर्थाच्या गावचा दुकानदार सगळीकडे सारखाच, एवढेच त्यावर म्हणता येईल!

1327 मध्ये इब्न बतूता या भागात फिरला तेव्हा मंगोलांच्या 1258 च्या संहारातून बगदाद पुरते सावरले नव्हते. तरीही त्याचे अनुभव वाचण्यासारखे आहेत. नजफला हजरत अलींच्या रौजाजवळच्या मदरशात आलेल्या प्रत्येकाला तीन दिवस पाहुणचार मिळे. दिवसातून दोनदा रोटी, गोश्त आणि खजूर. बसऱ्याला तो मालिक बिन दीनार यांच्या नावाच्या रिबातमध्ये उतरला. तेथल्या काझीने त्याला खजुरांची टोपली भेट पाठवली. ती इतकी जड की हमालाला उचलवेना. त्याने ती बाजारात विकली तेव्हा नऊ दिरहम आले आणि त्यांतले तीन हमालीतच गेले. स्वस्ताईचे याहून नेमके वर्णन कोणत्या अर्थशास्त्रज्ञाने केले असेल? बगदादच्या हमामखान्यांची मात्र त्याने तोंड भरून तारीफ केली आहे. भिंतींना डांबराचा लेप दिल्याने त्या काळ्या संगमरवरासारख्या चमकत आणि आत येणाऱ्याला तीन पंचे मिळत. चौलला झाडीत उभ्या असलेल्या हमामखान्याचे अवशेष ज्यांनी पाहिले आहेत त्यांच्या ध्यानी येईल की अंघोळीची ही रीतही समुद्र ओलांडून आपल्या दारापर्यंत आली होती.

नंतरच्या शतकांवर फार रेंगाळण्याचे कारण नाही. आपल्या लोकांच्या दृष्टीने मोठा बदल झाला तो आगबोटीने. 1862 पासून ब्रिटिश इंडिया कंपनीची टपालाची बोट मुंबईहून आखातातून बसऱ्याला जाऊ लागली. गरिबाचा प्रवास डेकवरचा. आपली वळकटी, आपला शिधा, आपली जागा अंथरून धरायची. कोकणी खलाशी या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या राबले. गावाहून निघालेला खलाशी मुंबईत बोट मिळेपर्यंत गावच्या जमातीच्या खोलीत पडून राही. हाजी असेल तर क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना होता. जमातीची ती खोली म्हणजे बगदादच्या रिबातचाच गरीब कोकणी भाऊ. वर्गणीवर चालणारी, स्वयंपाक सामाईक, पेटी भिंतीला. 'द्वारका' ही या मार्गावरची शेवटची बोट 1982 मध्ये मोडीत निघाली आणि डेकचा प्रवास संपला.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी कूतच्या वेढ्यात सापडल्या. 1917 च्या मार्चमध्ये इंग्रजांनी बगदाद घेतले. त्यामागोमाग हिंदुस्थानी कारकून, रेल्वे कामगार, व्यापारी तेथे गेले. रुपया तर तेथे 1932 पर्यंत चालत होता. त्या वर्षी इराकी दिनार आला तो एका दिनाराला तेरा रुपये आणि एक तृतीयांश या भावाने. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतला जायरीन खिशातला रुपया न बदलता बगदादला रोटी विकत घेऊ शकत होता!

आज जो जातो त्याचा मुक्काम बहुधा एजंट ठरवतो. हॉटेलचे नाव निघण्यापूर्वी कळत नाही, 'हरमच्या जवळ' या शब्दांत अर्धा कोसही मावतो आणि चार जणांच्या खोलीत सहा खाटा पडतात. तक्रार केली तर 'जियारतीला आलात, ऐषआरामाला नाही' असे ऐकावे लागते. हे ऐकून गप्प बसणाऱ्यांत बहुतेक म्हाताऱ्या बाया असतात, ज्यांनी वर्षानुवर्षे साठवून ही रक्कम जमवलेली असते. इब्न बतूताला तीन दिवस फुकट जेवण मिळाले त्यामागे कोणाची तरी वक्फ जमीन होती. ती व्यवस्था ढासळली की तीच जागा दलाल घेतो. बोहरा जमातीने इराकच्या जियारतगाहांवर आपल्या लोकांसाठी मुसाफिरखाने उभे केले आहेत. आपल्या कोकणी जमातींपाशी पैसा अगदीच नव्हता असे नाही. मशिदींचे मिनार उंच झाले, मुसाफिरखाना मात्र कोणाला सुचला नाही.

तेव्हा हिशेब आपणच करावा. पहिला प्रश्न महिन्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये बगदादचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, कधी पन्नासला टेकतो. अशा दिवसांत पंख्याची स्वस्त खोली घेणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च हा काळ बरा. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते, आपल्या किनाऱ्याच्या माणसाला ती सोसत नाही. हिजरी वर्ष दरसाल दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते हे ध्यानी ठेवावे. 2026 मध्ये ग्यारहवी सप्टेंबरच्या उत्तरार्धात येते आणि पुढे ती ऑगस्टकडे सरकेल, म्हणजे उरुसाला जायचे तर उन्हाची तयारी हवी. अरबईनही सध्या ऐन उन्हाळ्यात येते. त्या दिवसांत करबला-नजफला खोली दुप्पट भावानेही मिळणे कठीण. मात्र नजफ ते करबला या सुमारे 80 किलोमीटरच्या वाटेवर गावोगावचे लोक तंबू ठोकून पायी जाणाऱ्यांना फुकट जेवू-झोपू घालतात. या तंबूंना 'मौकिब' म्हणतात. इब्न बतूताचा बगदाद-बसऱ्याकडचा पाहुणचार कुठे जिवंत असेल तर तो तिथे.

दुसरा प्रश्न मोहल्ल्याचा. इमाम मूसा काजिम यांच्या रौजाभोवती काजिमियात जायरीनसाठी साधी हॉटेले दाटीने आहेत आणि पूल ओलांडला की पलीकडे आजमियाला इमामे आजम अबू हनीफा. पण तेथून बाबुश्शेखला रोज टॅक्सी करावी लागते. ज्याचा जीव गौसे आजमच्या दारात आहे त्याने रुसाफाच्या बाजूला, सादून रस्त्याच्या आसपास उतरावे. खोलीला थोडे अधिक पडले तरी टॅक्सीचे वाचते आणि फजरला हजर राहता येते. खोली घेण्याआधी जिना किती, संडास कसा आणि वीज गेली की जनरेटर चालतो का, एवढे विचारावे. हॉटेलचे नाव आणि एका खोलीतल्या खाटांची संख्या एजंटकडून कागदावर लिहून घ्यावी. निघण्याआधी आपल्या परराष्ट्र खात्याची त्या देशाबद्दलची सूचना वाचावी, कारण तेथील परिस्थिती बदलायला वेळ लागत नाही.

एक सकाळ राखून ठेवून शोरजा बाजाराजवळचा खान मिरजान बाहेरून तरी बघून यावा. विसाव्या शतकात तेथे आधी संग्रहालय झाले, मग उपाहारगृह. जमिनीखालचे पाणी वर चढून तळमजल्याची पुष्कळ नासाडी झाली. मुसाफिराला तेथे आता खोली मिळत नाही.