युद्धचित्रे, जपानी (सेन्सो-ए)

लाकडी ठशांवरून छापलेली आणि युद्ध चालू असतानाच विक्रीस येणारी रंगीत चित्रे. पहिल्या चीन–जपान युद्धात (१८९४–९५) या प्रकारास बहर आला. ऊकियो-ए परंपरेतील चित्रकार, ठसे कोरणारे, छापणारे व प्रकाशक यांची साखळी तोपर्यंत टिकून होती. तारेने आलेल्या बातमीवरून अल्पावधीत नवे चित्र सिद्ध होई. सामान्यतः तीन कागद शेजारीशेजारी मांडून एकच विस्तृत दृश्य साधले जाई. मिझुनो तोशिकाता, ओगाता गेक्को व कोबायाशी कियोचिका (१८४७–१९१५) हे यातील प्रमुख चित्रकार. रात्र, बर्फ आणि शोधदीपांचा झोत यांचे कियोचिकाने केलेले चित्रण कलादृष्ट्या सर्वांत सरस होय. कादंबरीकार तानिझाकी जुनिचिरो (१८८६–१९६५) यांनी बालपणीच्या आठवणींत या चित्रांच्या दुकानासमोर रेंगाळल्याचे नमूद केले आहे.

बहुतेक चित्रकारांनी रणभूमी पाहिलेली नव्हती (वृत्तपत्राच्या वतीने आघाडीवर गेलेला कुबोता बेइसेन हा अपवाद). ती उणीव ठरीव संकेतांनी भरून काढली जाई. जपानी सैनिक पाश्चात्त्य धर्तीच्या गडद गणवेशात, ताठ व शिस्तबद्ध. चिनी सैनिक भडक पोशाखात, भेदरून पळणारे. ज्या चीनकडून जपानने लिपी व विद्या घेतली, त्याच्याविषयीचा परंपरागत आदर ओसरण्यास या चित्रांचाही हातभार लागला.

जुलै १८९४ मधील सोङह्वानच्या लढाईत गोळी लागूनही बिगूल वाजवीत राहिलेल्या शिपायाची कथा या दृष्टीने उद्‌बोधक आहे. प्रथम तो शिराकामी गेंजिरो म्हणून चित्रांतून गाजला. पुढे तो किगुची कोहेई असल्याचे जाहीर झाले व शालेय पाठ्यपुस्तकांत ते नाव आले. नाव बदलले, लोकांच्या मनातील दृश्य मात्र कायम राहिले.

हिंसा सर्वस्वी झाकली जात असे, असेही नाही. उतागावा कोकुनिमासा याच्या १८९४ च्या एका चित्रात चिनी कैद्यांचा शिरच्छेद उघडपणे दाखविला आहे. मात्र कैद्यांना ‘दंगेखोर’ ठरवून त्या कृत्यास शिक्षेचे रूप दिले आहे. २१ नोव्हेंबर १८९४ रोजी पोर्ट आर्थर पडल्यावर जपानी सैन्याने तेथील नागरिकांची कत्तल केली. जेम्स क्रीलमन या अमेरिकन वार्ताहराने ती जगापुढे आणली. त्या विजयाच्या प्रचलित चित्रांत तिचा मागमूस नाही.

रशिया–जपान युद्धात (१९०४–०५) छायाचित्रे, शिळामुद्रणे व चित्रमय टपालपत्रे यांनी या चित्रांची जागा घेतली. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे.