वयाचा दाखला आणि पात्रता फेरी

श्रोतेहो, ज्या गावी चांगदेवांची समाधी आहे त्या गावात वयाचा विषय काढणे हे धाडसाचेच काम. चांगदेव चौदाशे वर्षे जगले असे परंपरा सांगते. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला ते बसले, पण वयाने लहान आणि ज्ञानाने मोठ्या अशा मुलाला मायना काय लिहावा हे त्यांना सुचेना. म्हणून त्यांनी कोराच कागद पाठविला, ही कथा पुणतांब्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. वय एक सांगते, योग्यता दुसरे सांगते, आणि कागदाची मात्र पंचाईत होते. आज आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत तिचेही दुखणे हेच आहे. विषय फुटबॉलचा आहे. त्यातही कुमारांच्या जागतिक स्पर्धेत जागा मिळविण्यासाठी आशिया खंडात ज्या पात्रता फेऱ्या होतात त्यांचा. कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे काहींना वाटेल. त्याचे उत्तर ओघात येईल.

आशियाई कुमार स्पर्धेचा आरंभ १९५९ साली क्वालालंपूरला झाला. मलायाचे नेते टुंकू अब्दुल रहमान हे तिचे प्रवर्तक. पहिल्याच वर्षी दक्षिण कोरिया जिंकला. आपल्याला या स्पर्धेत यश आले ते १९७४ मध्ये, बँकॉकला. अंतिम सामन्यात भारत आणि इराण २-२ असे बरोबरीत राहिले आणि दोघांना संयुक्त विजेते ठरविण्यात आले. शब्बीर अली हा त्या संघाचा कर्णधार. खंडातले अव्वल पद हाती आले, पण त्या पदाच्या जोरावर पुढे जाण्याजोगी जागतिक कुमार स्पर्धाच तेव्हा नव्हती. ती सुरू झाली १९७७ मध्ये, ट्युनिशियात. आशियातर्फे तेथे इराण आणि इराक खेळले. आमचे घोडे वेशीपर्यंत पोहोचले तेव्हा वेसच बांधलेली नव्हती, आणि वेस बांधून झाली तोवर घोडे थकले होते.

पुढे १९८५ मध्ये चीनमध्ये सोळा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भरली. १९९१ पासून वयाची मर्यादा सतरा झाली. तिच्यासाठी आशियातून निवड होते ती दोन पायऱ्यांनी. प्रथम संघांचे लहान गट पाडतात आणि एका गटाचे सगळे सामने एकाच गावी, आठदहा दिवसांत उरकतात. प्रवासखर्च वाचावा म्हणून पूर्व आणि पश्चिम असे खंडाचे दोन भागही बरीच वर्षे केले जात, भारत पश्चिमेकडे. गटात पहिला आलेला संघ आशियाई स्पर्धेला जातो. दुसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी जे सरस ठरत त्यांनाही पूर्वी जागा मिळे. येथे हिशेब मोठा गमतीचा होई. एका गटात चार संघ आणि दुसऱ्यात तीन असले, तर मोठ्या गटातल्या तळाच्या संघावर मिळविलेले गुण वजा करून मग तुलना करायची. वेतनश्रेणीच्या वाटाघाटीत आम्ही असली गणिते पुष्कळ केली आहेत, त्यामुळे आम्हाला ती लवकर समजली. आशियाई स्पर्धेत उपान्त्य फेरी गाठणारे चार संघ जगाच्या स्पर्धेला जात, अशी २०१८ मध्ये रीत होती.

आता २०१७ साल घ्या. त्या वर्षी १ जूनला या गावाने शेतकऱ्यांच्या संपाला तोंड फोडले आणि दूध-भाजीच्या गाड्या थांबल्या, हे तुम्हाला सांगायला नको. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धा भारतात झाली. यजमान म्हणून आपल्या संघाला थेट प्रवेश होता. पात्रता फेरी खेळावी लागली नाही. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव त्या संघात होता, अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. दिल्लीत अमेरिकेने आपल्याला ३-० असे हरविले, कोलंबियाने २-१, घानाने ४-०. कोलंबियाविरुद्ध जीक्सन सिंगने केलेला गोल हा अशा जागतिक स्पर्धेतला भारताचा पहिला गोल. स्पर्धेआधी १५ सप्टेंबरला राज्य सरकारने गावोगावच्या शाळांत फुटबॉलचा दिवस साजरा केला. आम्ही त्या दिवशी एका शाळेत होतो. चेंडू नवा होता आणि पोरे अनवाणी होती, तरी खेळ रंगला.

या गाजावाजात एक गोष्ट मागे पडली. त्याच सप्टेंबरात काठमांडूला धाकट्या मुलांची, म्हणजे २००२ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांची, पात्रता फेरी चालू होती. गोव्याचे बिबियानो फर्नांडिस हे प्रशिक्षक. या मुलांनी आशियाच्या गतविजेत्या इराकला गोलशून्य बरोबरीत रोखले आणि ते पात्र ठरले. पुढच्या वर्षी मलेशियात त्यांनी व्हिएतनामला हरविले, इराण आणि इंडोनेशियाशी बरोबरी केली आणि उपान्त्यपूर्व फेरी गाठली. तेथे १ ऑक्टोबर २०१८ रोजी दक्षिण कोरियाकडून ते ०-१ असे हरले. तो एक सामना जिंकते तर २०१९ ची जागतिक स्पर्धा त्यांनी स्वतःच्या पायांनी गाठली असती. आमच्या मते २०१७ च्या दिव्यांच्या रोषणाईपेक्षा या एका गोलाच्या हारीची नोंद इतिहासात मोठी व्हावी. यजमानाला पहिले पान वाढतातच.

पण काठमांडूच्याही आधी एक फेरी असते, आणि ती गावात होते. ती दाखल्याची. कुमार स्पर्धेला अमुक सालच्या १ जानेवारीस किंवा नंतर जन्मलेलाच मुलगा चालतो. आमच्या पिढीच्या दाखल्यांवर मात्र १ जून ही तारीख सर्रास सापडते. आमच्या स्वतःच्या दाखल्यावर तीच आहे. जन्माची नोंद नसे, शाळा जूनमध्ये उघडे. गुरुजी पोराकडे एकवार पाहत आणि वय बसेल असे साल टाकीत. ३१ मेला निवृत्तांच्या गळ्यांत हारच हार पडतात ते याचमुळे. आमच्या संघटनेतल्या एका सभासदाला, त्याची आई सांगे त्या हिशेबाने, दोन वर्षे आधी घरी जावे लागले. आम्ही भांडलो; पण नोकरीच्या अखेरीस जन्मतारीख बदलून मागू नये असा न्यायालयांचा कल, आणि दाखला कारखान्याच्या बाजूने. त्याच्या दोन वर्षांच्या पगाराचा हिशेब आजही आमच्या वहीत आहे.

हीच तारीख मुलाच्या खेळाला कशी आडवी येते पाहा. समजा, एक मुलगा २००२ च्या संक्रांतीला जन्मला. लवकर शाळेत घालायचा म्हणून त्याचा जन्म १ जून २००१ असा लिहिला गेला. काठमांडूला गेलेल्या संघासाठी तो तालुक्याच्या मैदानावरच बाद. उलट वय चोरून कमी लिहिण्याचे पापही होतेच. त्यावर उपाय म्हणून २००९ च्या नायजेरियातील स्पर्धेपासून जागतिक संघटनेने मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. मनगटाजवळच्या हाडाच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते. ती पूर्ण भरून आली असेल तर मुलगा सतराच्या पुढे गेला असे धरतात, कारण त्याआधी ती पूर्ण भरणे अगदी क्वचित घडते. ही कसोटी चांगली आहे, पण एकतर्फी आहे. मोठ्या मुलाला ती बाहेर काढते. कागदाने मोठा केलेल्या लहान मुलाला मात्र आत घेत नाही. तेथे पुन्हा दाखलाच खरा.

१९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा जुना आहे. त्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांना शाळाप्रवेशासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जाईल असे ठरले. ही मुले कुमार गटात येतील ती २०३९-४० च्या सुमारास. तोवर जी पोरे खेळणार आहेत त्यांच्या नावापुढची तारीख आईबापांनी आजच जाऊन पाहावी. शाळेत एक आणि ग्रामपंचायतीत दुसरी असेल तर मूल पहिली-दुसरीत असतानाच ती दुरुस्त होते. दहावीनंतर फार हेलपाटे पडतात. आम्ही हे काम कामगारांच्या घरी जाऊन करतो, आणि फुटबॉलचे नाव काढले की बापापेक्षा पोरगाच आधी कागद शोधायला उठतो.

गेल्या काही वर्षांत पात्रता फेरीत आपण कधी पोहोचलो, कधी गळलो. ३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबादला, पुन्हा बिबियानो फर्नांडिस यांच्याच हाताखालच्या सतरा वर्षांखालील संघाने इराणला २-१ असे हरवून आशियाई स्पर्धेत जागा मिळविली. बँकॉकला १९७४ मध्ये ज्यांच्याशी बरोबरी झाली होती, तेच हे इराण. मैदान आपले होते, प्रेक्षक आपले होते. पण या वेळी यजमानाला फुकटचे पान नव्हते. सामना जिंकूनच आत जायचे होते, आणि पोरे तशीच गेली.