परक्या विद्यालयाचें दार

पालघर जिल्ह्यांत बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ कुंभवली हें गांव आहे. १९६९ सालीं तारापूरचें अणुविद्युत्केंद्र चालू झालें, पुढें कारखाने वाढले, आणि या टापूंत निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबें येऊन स्थायिक झालीं. अशा गांवांतील एखादा विद्यार्थी परदेशीं शिकावयास जाण्याची गोष्ट काढतो, तेव्हां वडील मंडळी पैशाचा हिशेब मांडतात आणि विद्यार्थी प्रमाणपत्रें गोळा करूं लागतो. हें योग्यच आहे. परंतु एवढ्यानें तयारी पुरी झाली काय, हा प्रश्न उरतोच. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत कुंभवली ठाणें जिल्ह्यांत होती. त्याच ठाणें जिल्ह्यांतील कल्याण येथें वाढलेल्या एका मुलीच्या चरित्रांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचें नांव यमुना. वयाच्या नवव्या वर्षीं त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशीं झाला. गोपाळराव टपाल खात्यांत नोकरीस असून पत्नीपेक्षां सुमारें वीस वर्षांनीं मोठे होते. पत्नीनें शिकलेंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टांत प्रेमाइतकाच जाचही होता. चवदाव्या वर्षीं आनंदीबाईंस मुलगा झाला, पण तो दहा दिवसच जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाहीं, आणि पुरुष वैद्यास दाखविण्यापेक्षां स्त्रिया मरण पत्करतात, ही गोष्ट त्यांच्या मनांत रुतून बसली. स्वतः डॉक्टर व्हावयाचें, हा त्यांचा निश्चय या दुःखांतून झाला.

निश्चय झाला, तरी वाट कोठें होती? गोपाळरावांनीं अमेरिकेंतील एका मिशनरी गृहस्थांस पत्र लिहून पत्नीच्या शिक्षणाची सोय होईल काय, असें विचारलें. ख्रिस्ती धर्म स्वीकाराल तर पाहूं, अशा अर्थाचें उत्तर आलें, आणि तें जोशी दंपतीस मान्य झालें नाहीं. परंतु तो पत्रव्यवहार तिकडील एका मासिकांत छापला गेला. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या श्रीमती कार्पेंटर दांतांच्या डॉक्टरकडे बसल्या असतां १८८० च्या सुमारास तो अंक त्यांच्या हातीं पडला. त्यांनीं आपण होऊन पत्र धाडलें. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या.

येथपासून खरी तयारी सुरू झाली. गोपाळरावांची बदली कलकत्त्यास व पुढें जवळच्याच सेरामपूरला झाली. तेथें राहून आनंदीबाई इंग्रजीचा अभ्यास करीत, आणि रोझेलला पत्रें लिहून आपल्या चालीरीती समजावून सांगत व तिकडच्या समजून घेत. ज्या देशांत जावयाचें त्या देशांतील एक घर त्यांनीं जाण्यापूर्वींच पत्रांनीं आपलेंसें केलें होतें. पैशासाठीं दागिने विकले, कांहीं सज्जनांनीं वर्गणी दिली.

दुसरी तयारी स्वजनांपुढें करावी लागली. एकटी बाई समुद्र ओलांडते, म्हणून चहूंकडून टीका होत होती. तेव्हां २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं सेरामपूरच्या कॉलेजांत त्यांनीं इंग्रजींत जाहीर व्याख्यान दिलें. अमेरिकेसच कां जावयाचें, हिंदुस्थानांत शिक्षणाची सोय नाहीं काय, एकटीच कां, परत आल्यावर जात वाळींत टाकणार नाहीं काय, अशा प्रश्नांचा त्यांनीं एकेक करून खुलासा केला. हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. त्या वेळीं त्यांस अठरावें वर्षही पुरें झालें नव्हतें.

७ एप्रिल १८८३ रोजीं आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला पोंचल्या. कार्पेंटरमावशी घ्यावयास आल्या होत्या. फिलाडेल्फिया शहरीं १८५० सालीं स्थापन झालेलें स्त्रियांचें वैद्यकीय महाविद्यालय होतें. जून महिना संपावयाच्या आंत आनंदीबाईंनीं रोझेलहून तेथील अधिकाऱ्यांकडे अर्ज धाडला. आपली तयारी महाविद्यालयाच्या सर्व अटी पुऱ्या करणारी नसेल, हें त्यांनीं त्यांत लपविलें नाहीं. आपली स्थिति इतरांहून निराळी आहे, तरी दयाबुद्धीनें विचार व्हावा, असें लिहिलें. आप्त आणि जात यांच्या विरोधास न जुमानतां जो निश्चय आपणांस या देशांत घेऊन आला, तोच अभ्यासांतही कामास येईल, आणि आपल्या देशभगिनींना खरें वैद्यकीय साहाय्य द्यावयाचें आहे, असा हेतुही मांडला. महाविद्यालयाच्या प्रमुख रॅचेल बॉडले यांनीं त्यांस प्रवेश दिला, आणि तीन वर्षें मिळून सहाशें डॉलरची शिष्यवृत्तिही मिळाली.

या विद्यालयांत दूरदेशींहून आलेल्या त्या एकट्याच नव्हत्या. १८८५ सालच्या ऑक्टोबरांत काढलेल्या एका छायाचित्रांत त्यांच्याबरोबर जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आपापल्या देशांच्या वेषांत बसलेल्या दिसतात. ११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा होता. समारंभास पंडिता रमाबाई आणि गोपाळराव हजर होते.

येथवरची कथा यशाची आहे. परंतु त्या अर्जांत आणखी एक वाक्य होतें: माझी प्रकृति चांगली आहे. वस्तुतः कलकत्त्यास असतांनाच डोकेदुखी, अशक्तता, मधून मधून ताप आणि धाप यांनीं त्या बेजार होत्या, आणि मावशींनीं अमेरिकेहून धाडलेल्या औषधांचाही उपयोग झाला नव्हता. अभ्यासांतील उणीव त्यांनीं मोकळेपणानें कबूल केली, शरीराची उणीव मात्र निश्चयाच्या भरांत बाजूस सारली. त्यावर फिलाडेल्फियाची थंडी, तिला न पुरणारा पोषाख आणि परक्या देशांत सांभाळलेला आहार यांची भर पडली. क्षयानें त्यांस गांठलें. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या, तेव्हां कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांतील स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठीं ठरली होती. तें काम त्यांच्या हातून व्हावयाचेंच राहिलें. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यास एक महिना उरला होता. त्यांची रक्षा मावशींकडे अमेरिकेस पाठविण्यांत आली, आणि पकीप्सी येथें कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवली गेली.

कुंभवलीच्या विद्यार्थ्याजवळ आज आनंदीबाईंपाशीं नसलेलीं पुष्कळ साधनें आहेत. परीक्षेचे गुण, पारपत्र, बँकेचा दाखला, सर्व कांहीं तो जुळवूं शकतो. त्यांच्यापासून त्यानें दोन गोष्टी घ्याव्या: आपली उणीव लिहितांना लाजूं नये, आणि जाण्यापूर्वीं तिकडे एक तरी आपुलकीचें माणूस जोडावें. तिसरी गोष्ट त्याच्या आईबापांनीं ध्यानांत धरावी. मुलाच्या पेटींत प्रमाणपत्रें नीट ठेवलीं कीं नाहीं हें पाहतांना, तेथील हिवाळ्यास पुरेल असें पांघरूण आणि अंगांत तितकें बळ आहे कीं नाहीं, हेंही एकदां पाहावें. आणि मूल ‘माझें बरें आहे’ असें म्हणालें, तरी त्याच्या कपाळाला हात लावून पाहावा.